एकदा होऊन गेलाय, तरीही

३० जानेवारी २०२० रोजी केरळच्या थ्रिसूर जिल्ह्यात भारतातल्या पहिल्या करोना रुग्णाची नोंद झाली. वुहानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी ती विद्यार्थिनी बरी होऊन घरी परतली. पुढे जुलै २०२१ मध्ये अभ्यासाच्या कामासाठी दिल्लीला जायचं म्हणून तिनं चाचणी करून घेतली आणि अहवाल पुन्हा पॉझिटिव्ह आला. तिला कसलाही त्रास होत नव्हता. चाचणी केली नसती तर दुसऱ्यांदा संसर्ग झाल्याचं तिलाही कळलं नसतं आणि आपल्यालाही.

देशातल्या पहिल्याच रुग्णाच्या या दोन नोंदी बरंच काही सांगून जातात. करोना पुन्हा होतो. बहुतेकांना दुसऱ्या वेळी त्रास कमी होतो. आणि त्रास कमी म्हणून चाचणी होत नाही, चाचणी नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो नकळत दुसऱ्याकडे जातो.

तरीही घरोघरी अजून दोन वाक्यं ऐकू येतात. ‘मला होऊन गेलाय, आता परत कशाला होतोय?’ हे एक. ‘परत झाला म्हणजे आता काही खरं नाही,’ हे दुसरं. पहिल्या वाक्यानं माणूस गाफील राहतो आणि दुसऱ्यानं घाबरून नको ती औषधं घेतो. खरी स्थिती या दोन्हींच्या मधली आहे. ती समजून घेतली तर पुढच्या वेळी घरात कुणाचा घसा खवखवू लागला की काय करायचं, हे ठरवणं सोपं जाईल.

‘पुन्हा झाला’ कधी म्हणायचं?

दोनदा पॉझिटिव्ह अहवाल आला म्हणजे दोनदा संसर्ग झालाच असं नाही. आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय पदार्थाचे अगदी बारीक अंशही पकडते. माणूस बरा झाल्यावरही हे निर्जीव अवशेष नाका-घशात काही आठवडे राहू शकतात. त्यामुळे महिन्याभरानं केलेली चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली, तर ती बऱ्याचदा जुन्याच संसर्गाची खूण असते. काहींना बरं वाटू लागल्यावर आठवड्याभरात लक्षणं परत उचल खातात. तोही नवा संसर्ग नव्हे, पहिल्याचाच उरलेला भाग असतो.

हा गोंधळ टाळण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, एक मोजपट्टी ठरवली. दोन पॉझिटिव्ह अहवालांत किमान १०२ दिवसांचं अंतर हवं आणि मध्ये एक निगेटिव्ह अहवाल हवा. संस्थेच्या संशोधकांनी दोनदा पॉझिटिव्ह आलेल्या १,३०० जणांच्या नोंदी या मोजपट्टीवर तपासल्या, तेव्हा त्यांतल्या फक्त ५८ जणांना, म्हणजे साडेचार टक्क्यांना, पुनर्संसर्ग झाल्याचं म्हणता आलं. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं निरीक्षण करोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार येण्याच्या आधीचं आहे. इंग्लंडसह अनेक देशांनी ही सीमा ९० दिवसांची धरली.

खरा पुरावा हवा असेल तर दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहावी लागते. जगात पहिल्यांदा असा पुरावा ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगला मिळाला. ३३ वर्षांच्या एका गृहस्थांना मार्चमध्ये करोना झाला होता. १४२ दिवसांनी परदेशातून परतताना विमानतळावर ते पुन्हा पॉझिटिव्ह आले आणि दोन्ही विषाणू वेगवेगळे निघाले. दुसऱ्या वेळी त्यांना एकही लक्षण नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात २५ वर्षांच्या एका तरुणाला मात्र दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त त्रास झाला आणि प्राणवायू द्यावा लागला. म्हणजे दुसरा संसर्ग हलकाच असेल असा नियम नाही, हेही सुरुवातीलाच दिसून आलं होतं.

तुमच्यापुरता व्यवहाराचा नियम सोपा आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ लोटला असेल आणि नव्यानं ताप, सर्दी, घसादुखी सुरू झाली असेल, तर तो नवा संसर्ग असू शकतो असं धरून चाला. तीन महिन्यांच्या आत लक्षणं आली तर डॉक्टरांना मागच्या आजाराची तारीख सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. कारण क्वचित याहून लवकरही संसर्ग होतो. २०२२ च्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये ओमायक्रॉनच्या बीए.१ प्रकारातून उठलेल्या काही जणांना २० ते ६० दिवसांतच बीए.२ झाल्याचं आढळलं होतं.

पुन्हा का होतो आणि किती वेळा?

गोवर एकदा झाला की सहसा आयुष्यभर होत नाही. करोना तसा नाही, आणि याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. साधी सर्दी करणारे चार करोना विषाणू माणसांत फार वर्षांपासून फिरत आहेत. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांचे ३५ वर्षांत वेळोवेळी घेतलेले रक्ताचे नमुने तपासले. या सर्दीच्या विषाणूंचा संसर्ग त्यांना पुन:पुन्हा झाला होता आणि बारा महिन्यांच्या अंतरानं तो होणं ही नेहमीची गोष्ट होती. नवा करोना याच कुटुंबातला आहे.

शरीराचं संरक्षण दोन पातळ्यांवर चालतं. नाका-घशाच्या आतल्या अस्तरावर आणि रक्तात प्रतिपिंडं असतात. विषाणूला दारातच अडवण्याचं काम ती करतात, पण काही महिन्यांत त्यांचं प्रमाण उतरतं. दुसरी पातळी म्हणजे स्मृतिपेशी. विषाणूची ओळख त्या बराच काळ जपून ठेवतात. त्या दारात उभ्या नसतात, पण शत्रू आत शिरल्यावर काही दिवसांत फौज उभी करतात. म्हणून संसर्ग होतो, सर्दी-ताप येतो, पण तो बहुधा फुप्फुसांपर्यंत पोचून माणसाला आडवा करत नाही. पुन्हा होणं आणि पुन्हा गंभीर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या यामुळेच.

त्यात विषाणूही रूप पालटत राहतो. कतारमधल्या संशोधकांनी याचं मोजमाप केलं. आधी होऊन गेलेल्या करोनानं अल्फा, बीटा आणि डेल्टा या प्रकारांपासून सुमारे ८५ ते ९२ टक्के संरक्षण दिलं होतं. ओमायक्रॉन आल्यावर तेच ५६ टक्क्यांवर घसरलं. पुढे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यानुसार ओमायक्रॉनच्या काळात केवळ जुन्या संसर्गाच्या बळावर पुनर्संसर्गापासून मिळणारं संरक्षण वर्षभरानंतर २५ टक्क्यांच्या आसपास उरतं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र वर्षभरानंतरही ७५ टक्क्यांच्या जवळपास टिकतं.

‘सगळ्यांना होऊन गेला की साथ संपेल’ हा हिशेब यामुळेच चुकला. ब्राझीलमधल्या मनाउस शहरात ऑक्टोबर २०२० पर्यंत सुमारे ७६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला असावा, असा अंदाज होता. तरीही जानेवारी २०२१ मध्ये तिथली रुग्णालयं भरून वाहिली आणि प्राणवायू संपला. आपल्या पुण्यात २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांतल्या पाहणीत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं आढळली होती. मुंबईच्या तीन विभागांतल्या झोपडपट्ट्यांत जुलै २०२० मध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडून रुग्णवाढीच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा ‘आपल्याकडे आता काय उरलंय?’ असं म्हणणारे कमी नव्हते. पुढचे तीन महिने महाराष्ट्र विसरलेला नाही.

मग किती वेळा होतो? याचं ठरावीक वेळापत्रक नाही. कुणाला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा होतो, कुणाला दोन-तीन वर्षांत एकदाही होत नाही. तुमच्या भागात नवा प्रकार आला आहे का, शेवटचा संसर्ग होऊन किंवा लस घेऊन किती काळ लोटला आणि कामानिमित्त किती माणसांत वावरावं लागतं, यावर ते ठरतं. शाळा, दवाखाने, दुकानं, एसटी, लोकल यांत रोज वावरणाऱ्यांना तो पुन:पुन्हा गाठणार. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेला असं म्हटलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा नवा प्रकार आला. मे-जून २०२५ मध्ये पुन्हा रुग्ण वाढले आणि देशात उपचाराखाली असलेल्यांची संख्या जूनमध्ये सात हजारांवर गेली. अशा लहान लाटा यापुढेही येत राहतील असं धरून चालणंच शहाणपणाचं.

दुसऱ्या वेळी त्रास किती?

या प्रश्नावर दोन उलट वाटणाऱ्या बातम्या येतात आणि माणूस गोंधळतो. ‘दुसरा करोना सौम्य असतो’ ही एक. ‘पुन:पुन्हा करोना झाला तर मृत्यूचा धोका दुप्पट’ ही दुसरी. गंमत नव्हे, दोन्हींना अभ्यासाचा आधार आहे. फरक इतकाच की त्यांनी तुलना वेगवेगळ्या लोकांशी केली.

कतारच्या २०२१ मधल्या अभ्यासात पुनर्संसर्ग झालेल्या सुमारे १,३०० जणांची तुलना पहिल्यांदाच आजारी पडलेल्यांशी केली होती. गंभीर आजाराची शक्यता दुसऱ्या वेळी ९० टक्क्यांनी कमी निघाली. पुनर्संसर्ग झालेल्यांतल्या कुणालाही अतिदक्षता विभागात न्यावं लागलं नाही, कुणी दगावलं नाही.

अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या आरोग्यनोंदींवरचा अभ्यास नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास ४१ हजार पुनर्संसर्गितांची तुलना करोना एकदाच झालेल्यांशी होती. पुन्हा झालेल्यांत मृत्यूचा धोका दुपटीहून थोडा जास्त आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोका तिपटीहून जास्त दिसला. ही मंडळी बहुतांशी पुरुष, सरासरी वय साठीच्या आसपास आणि अनेकांना आधीपासूनचे आजार. त्यामुळे तिथले आकडे कॉलेजातल्या मुलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण घरातल्या सत्तरीच्या मधुमेही आजोबांचा विचार करताना ते डोळ्यांआड करूनही चालत नाही.

हेल्मेटचं उदाहरण घ्या. हेल्मेट घालून दुचाकीवरून पडलेल्या माणसाला बिनहेल्मेटच्यापेक्षा इजा कमी होते, हे खरं. पण जो पडलाच नाही, त्याच्यापेक्षा ती जास्तच असते, हेही खरं. जुन्या संसर्गानं आणि लशीनं दिलेली प्रतिकारशक्ती हे हेल्मेट आहे. ते आहे म्हणून मुद्दाम पडायला कुणी जात नाही.

लांबलेल्या करोनाचंही असंच. थकवा, धाप, विसराळूपणा, धडधड ही लक्षणं महिनोन्महिने रेंगाळतात. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीत पहिल्या संसर्गानंतर १२ ते २० आठवड्यांनी सुमारे चार टक्के प्रौढांनी अशी लक्षणं सांगितली, दुसऱ्यानंतर २.४ टक्क्यांनी. प्रमाण घटलं, पण शून्यावर आलं नाही. शिवाय प्रत्येक नव्या संसर्गासोबत ही शक्यता पुन्हा उभी राहते. म्हणून ‘होऊन जाऊ दे एकदाचा’ हा विचार कधीच फायद्याचा नाही.

कुणाला जास्त जपायचं?

वय हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. डेन्मार्कच्या २०२१ मधल्या अभ्यासात जुन्या संसर्गाचं संरक्षण सरसकट ८० टक्के होतं, पण ६५ वर्षांवरच्या लोकांत ते ४७ टक्केच भरलं. तेही ओमायक्रॉन येण्याआधी. म्हणजे आजीला एकदा होऊन गेला म्हणून निर्धास्त राहण्याची सोय कधीच नव्हती.

त्यानंतर येतात मूत्रपिंड किंवा अन्य अवयवाचं प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, डायलिसिसवरचे, संधिवातासारख्या आजारांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचे जुने विकार, गरोदरपण, आणि सहा महिन्यांच्या आतली बाळं यांचीही काळजी अधिक घ्यावी लागते. यांच्यापैकी कुणी घरात असेल तर दुसरा असो की चौथा, प्रत्येक संसर्ग पहिल्याइतक्याच गांभीर्यानं घ्या.

पुन्हा ताप-सर्दी आली तर

पहिल्या दिवसापासून मास्क लावा, चाचणीची वाट पाहू नका. घरी करायची अँटिजेन चाचणी औषधाच्या दुकानात मिळत असेल तर करा. ती पॉझिटिव्ह आली तर करोना आहे असं समजा. निगेटिव्ह आली तरी लगेच निर्धास्त होऊ नका, कारण सुरुवातीच्या दिवसांत ही चाचणी चुकते. ४८ तासांनी पुन्हा करा. वृद्ध किंवा आधीचे आजार असलेल्यांची आरटी-पीसीआर केलेली बरी, कारण त्यांच्या उपचाराचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. विषाणूविरोधी औषधांचा उपयोग पहिल्या पाच-सात दिवसांतच होतो. म्हणून त्यांच्या बाबतीत ‘बघू दोन दिवस’ म्हणू नका, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वेगळं राहण्याचा काळ साधारण सात दिवसांचा धरा. शेवटचे तीन दिवस ताप नसावा. दोन खोल्यांचं किंवा एका खोलीचं घर असेल तर पूर्ण वेगळं राहणं जमत नाही, हे उघड आहे. मग जमेल तेवढं करा. खिडक्या-दारं उघडी ठेवा. आजाऱ्यानं खिडकीजवळ झोपावं, म्हाताऱ्या माणसानं सर्वांत लांब. टेबलफॅन आजाऱ्याकडून खिडकीबाहेर वारा जाईल असा लावा. जेवण एकत्र नको, कारण तेव्हा मास्क निघतो. भाजी-दुधाच्या पिशव्या धुवत बसण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्यात वेळ घाला. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो.

औषध साधंच. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, वरण-भात आणि विश्रांती. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या रोजच्या गोळ्या बंद करू नका. मागच्या वेळची चिठ्ठी काढून तीच औषधं पुन्हा आणणं धोक्याचं आहे. विशेषतः स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं जीव वाचवले, पण ते प्राणवायू लागलेल्या रुग्णांचे. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा फायदा झाला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांतून म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं कितीजणांचे डोळे आणि जबडे घेतले, ते आपण पाहिलं आहे. अँटिबायोटिकही विषाणूवर चालत नाहीत.

कपाटातला ऑक्सिमीटर काढा, सेल बदला. बोट गरम आणि नेलपॉलिश काढलेलं हवं. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. तासाभरात दोन-तीनदा मोजूनही तो ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना गाठा, ९० च्या खाली असेल तर थेट रुग्णालय. ज्यांना फुप्फुसांचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. तो बरं असतानाच मोजून लिहून ठेवा.

आकडा चांगला असला तरी पुढचं काही दिसलं तर थांबू नका:

- बोलताना किंवा चालताना धाप लागणं, छातीत दुखणं
- गुंगी, असंबद्ध बोलणं, ओठ निळसर पडणं
- तीन दिवसांनंतरही न उतरणारा किंवा उतरून पुन्हा चढणारा ताप
- म्हाताऱ्या माणसानं अचानक खाणं-पिणं सोडणं, उठवत नसणं
- बाळाचा श्वास जोरात चालणं, दूध न पिणं, लघवी कमी होणं

बरं वाटू लागल्यावर एकदम पळायला लागू नका. आठवडाभर नेहमीच्या निम्मं काम करा आणि थकवा वाढत नाही ना, ते पाहत चालण्याचं अंतर वाढवा. लक्षणं तीन महिने रेंगाळली तर ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नका, तपासणी करून घ्या.

आजारी नसतानाची तयारी

घरातल्या प्रत्येकाचा करोना कधी झाला, लस कधी घेतली, कुठली औषधं चालू आहेत, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री अपरात्री डॉक्टर हेच विचारतात. घरात वृद्ध किंवा वर सांगितलेल्यांपैकी कुणी असेल तर करोना आणि फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्या. वर उल्लेखलेल्या आढाव्यात लस आणि जुना संसर्ग या दोन्हींचं मिळून गंभीर आजारापासूनचं संरक्षण वर्षभरानंतरही ९७ टक्के दिसलं. नुसत्या संसर्गानं मिळणाऱ्या संरक्षणाहून ते कितीतरी जास्त आहे. संसर्ग आपण निवडत नाही, लस निवडता येते.

तुमचा पुढचा करोना बहुधा चार दिवसांची सर्दी होऊन जाईल. पण तुमच्यामुळे तो शेजारच्या खोलीतल्या आजीपर्यंत गेला, तर तिला तो तेवढ्यावर सोडेलच असं नाही. म्हणून घसा खवखवू लागला की आधी मास्क लावा, तिच्या खोलीबाहेर थांबा आणि दारातूनच तिची विचारपूस करा. काही दिवसांचं हे अंतर तिच्या जिवाची काळजी आहे.